टीबीचा जंतू आणि आपलं शरीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेच्या खिडकीपलीकडे रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक उभे असतात, अलीकडे सूक्ष्मजीवशास्त्राचे माझे विद्यार्थी. दोघांचे प्रश्न मी गेली कित्येक वर्षं एका वहीत टिपून ठेवते. भाषा निराळी, प्रश्न बहुतेक तेच. म्हणून उत्तरं एकाच जागी लिहून काढली. जंतू रोग कसा करतो आणि शरीर त्याला कसं तोंड देतं हे समजून घ्यायला टीबीसारखा मास्तर नाही, कारण या आजारात निम्मी करणी जंतूची असते आणि निम्मी आपलीच. उपचारांचा सल्ला इथे शोधू नका. तो तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

टीबीचा जंतू दिसतो तरी कसा?

लाल, बारीक, किंचित वाकलेली काडी. लांबी २ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कधी एकटी, कधी दोन-तीन एकमेकींना टेकलेल्या, आणि मागे सगळं निळं. रंग अर्थात आम्ही चढवलेले. बेडक्यातला पिवळट घट्ट भाग काडीने उचलायचा, काचपट्टीवर पसरायचा, वाळला की आचेवरून फिरवून पक्का करायचा. वरून कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि खालून वाफ निघेपर्यंत ऊब द्यायची, उकळू द्यायचं नाही. पाच मिनिटांनी धुवायचं आणि २५ टक्के गंधकाम्ल घालायचं. आम्ल पडलं की बाकी सगळ्यांचा लाल रंग उतरतो, याचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू, म्हणजे उरलेलं सगळं निळं.

रंग न उतरण्याचं कारण त्याच्या अंगावरचं मेणकट कवच. मायकोलिक आम्लांच्या लांबच लांब साखळ्यांनी ते बनलेलं असतं. एकदा आत गेलेला रंग बाहेर येत नाही, तसंच बाहेरचं बरंचसं औषधही सहजासहजी आत जात नाही. पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं बरंच या कवचाशी येऊन थांबतं.

आता बऱ्याच केंद्रांत वेगळा रंग आणि एलईडीचा सूक्ष्मदर्शक असतो. त्यात काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर जंतू पिवळसर हिरवे चमकतात. डोळ्यांना ते सोपं जातं. पण लाल काडी शोधण्यात जो चिवटपणा अंगी लागतो तो त्यात लागत नाही, असं आपलं माझं मत. आमच्या जुन्या पद्धतीत निगेटिव्ह म्हणायच्या आधी १०० फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारे स्लाइडचे तुकडे, पाहावी लागतात. नवीन पोरं विसाव्या फील्डला मान वर करतात.

कल्चरच्या रिपोर्टला सहा-आठ आठवडे का लागतात? कोणी मुद्दाम उशीर करतं का?

नाही हो. कल्चर म्हणजे जंतू खाद्यावर उगवून पाहणं, आणि हा जंतू फार सावकाश उगवतो. पोटातला ई. कोलाय हा जंतू चांगलं खाद्य मिळालं की वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्याच कामाला १८ ते २४ तास लागतात. म्हणजे त्याची एक पिढी होईपर्यंत कोलायच्या ५४ ते ७२ पिढ्या होऊन जातात. अंडी घालून केलेल्या हिरव्या खाद्यावर आम्ही बेडका पेरतो, बाटली ३७ अंशांवर ठेवतो आणि वाट पाहतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरड्या, खडबडीत, मळकट पिवळ्या कण्या दिसू लागतात. पोळीचा चुरा सांडल्यासारख्या. काहीच उगवलं नाही तरी आठ आठवडे बाटली टाकून द्यायची नसते. द्रवरूप खाद्यावर तो थोडा लवकर उगवतो, पण तिथेही निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं.

आता मशीनवर जंतूची जनुकं तपासून एक-दोन तासांत उत्तर मिळतं. सीबीनॅट तुम्ही ऐकलं असेल. ट्रूनॅट हे त्याच कामाचं यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं; बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज जाण्याची सवय असलेल्या तालुक्याच्या गावीही टिकलं. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. ही यंत्रं रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतात. एक मात्र ध्यानात ठेवा : जनुक मेलेल्या जंतूचंही सापडतं. म्हणून उपचार कितपत चालले आहेत हे पाहायला पुन्हा थुंकीची स्लाइड किंवा कल्चरच.

श्वासातून जंतू आत गेला, पुढे काय होतं?

खोकताना, बोलताना, गाताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब खाली पडतात. बारीक थेंबांतलं पाणी उडून जातं आणि एखाददुसरा जंतू घेऊन १ ते ५ मायक्रॉनचा कण हवेत तासन्‌तास तरंगतो. आकार महत्त्वाचा. यापेक्षा मोठा कण नाकात, घशात, श्वासनळीत अडकतो आणि कफाबरोबर बाहेर येतो. हा मात्र थेट शेवटच्या फुग्यापर्यंत, वायुकोशापर्यंत पोचतो.

तिथे पहारा असतो तो मोठ्या भक्षक पेशींचा. धूळ, परागकण, जंतू, जे येईल ते गिळायचं आणि पचवायचं एवढंच त्यांचं काम. ही पेशी जंतूला पाहते, वेढते, गिळते. तिच्या पोटात जंतूभोवती एक पिशवी तयार होते. आता त्या पिशवीला दुसरी पिशवी येऊन मिळायची, जिच्यात आम्ल आणि पाचक रसायनं भरलेली असतात, आणि जंतूचा निकाल लागायचा. बहुतेक जंतूंचं असंच होतं.

टीबीचा जंतू ही दुसरी पिशवी जवळ येऊ देत नाही. कवचातली काही मेदद्रव्यं आणि त्याने सोडलेली काही प्रथिनं मिळून ही जोडणी अडवतात. पिशवीतलं आम्ल वाढायला हवं तेवढं वाढतच नाही. पीएच साडेचार-पाचावर उतरायचा तो सहाच्या वरच राहतो. म्हणजे ज्या घरात फाशी द्यायला नेलं तिथेच हा पथारी पसरतो. वर या जंतूकडे प्रथिनं बाहेर फेकणारी एक यंत्रणा आहे. तिच्या जोरावर तो त्या पिशवीला भोक पाडून पेशीच्या मुख्य दालनातही डोकावतो. जंतूने पहारेकऱ्याचंच घर भाड्याने घेतलं, असं मी वर्गात सांगते. एका विद्यार्थ्याने दुरुस्ती केली, "भाडं कुठे देतो तो, बाई?" तेही खरंच.

मग शरीर काहीच करत नाही का?

करतं, पण उशिरा. संसर्ग झालेल्या काही पेशी जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन तिथल्या टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) वर्दी देतात. टीबीचा जंतू ही वर्दीही लांबवतो. इतर जंतूंविरुद्ध आठवड्याभरात तयार होणारी फौज इथे माणसात २ ते ८ आठवडे घेते. तोवर जंतू आपल्या संथ गतीने का होईना, वाढून बसलेला असतो.

टी-पेशी आल्या की त्या गॅमा इंटरफेरॉन हा निरोप सोडतात. तो पोचला की आतापर्यंत जंतूला नुसतं सांभाळून बसलेली भक्षक पेशी जागी होते, पिशव्या जोडते, नायट्रिक ऑक्साइडसारखी जहाल रसायनं बनवते. निरोपाची ही साखळी किती मोलाची आहे हे एका दुर्मीळ आजाराने शिकवलं. ज्या मुलांत जन्मतःच गॅमा इंटरफेरॉन किंवा त्याच्या आधीच्या इंटरल्युकिन-१२ या निरोपाचं जनुक बिघडलेलं असतं, त्यांना एरवी निरुपद्रवी असलेली बीसीजीची लससुद्धा जिवावर बेतू शकते. बाकीच्या बऱ्याच जंतूंना मात्र ती मुलं तोंड देतात.

ग्रॅन्युलोमा म्हणजे काय? ती गाठ आपल्या बाजूची की त्याच्या?

पूर्वी पुस्तकात उत्तर सरळ होतं : शरीर जंतूभोवती भिंत बांधतं. मध्ये संसर्ग झालेल्या भक्षक पेशी, काही एकमेकींत मिसळून झालेल्या बहुकेंद्रकी राक्षसी पेशी, भोवती टी-पेशींचं कडं, बाहेर तंतूंचं कुंपण. सगळं कैदखान्यासारखं.

मग संशोधक ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांत हेच जिवंतपणी पाहिलं. ही पिल्लं काचेसारखी पारदर्शक. त्यांना माशांचा टीबी म्हणावा असा, आपल्या जंतूचा जवळचा भाऊबंद टोचला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते असं : एक संसर्ग झालेली पेशी मरते, तिला साफ करायला नव्या भक्षक पेशी धावतात, मेलेल्या पेशीबरोबर जंतूही गिळतात आणि स्वतःच त्याचं नवं घर होतात. गाठ सुरुवातीला जंतूला कोंडत नव्हती, त्याला घरं पुरवत होती. पुढे टी-पेशी आल्यावर तीच गाठ खरोखर कैदखाना होते. तेव्हा ती कोणाच्या बाजूची? पहिल्या आठवड्यांत त्याच्या, नंतर आपल्या, आणि सगळं बिघडलं की पुन्हा त्याच्या.

गाठीचा मधला भाग मरतो. कापून पाहिलं तर पांढरट, भुसभुशीत, पनीर कुस्करल्यासारखा दिसतो. या मेलेल्या भागात प्राणवायू नाही, रक्तवाहिनी नाही. जंतू तिथे वाढत नाही, पण मरतही नाही.

फुफ्फुसाला भोक कोण पाडतं, जंतू की आपणच?

माझ्या वहीतला हा सर्वांत आवडता प्रश्न. तो एका रुग्णाच्या बारावीतल्या मुलीने छातीचा फोटो उजेडाकडे धरून विचारला होता.

बहुतांशी आपण. टीबीचा जंतू घटसर्पासारखं किंवा धनुर्वातासारखं उतींना थेट मारणारं, फार दूरवर पोचणारं विष सोडत नाही. गाठीतल्या आपल्याच पेशी उती विरघळवणारी विकरं सोडतात. ती जंतूसाठी असतात, पण फुफ्फुसाचा सांगाडाही त्यांत विरतो. पनीरसारखा भाग पातळ होतो, शेजारच्या श्वासनळीत फुटतो, खोकल्यातून बाहेर पडतो आणि मागे राहते ती पोकळी. या पोकळीत हवा खेळती. इतके दिवस उपाशी असलेला जंतू तिथे कोटींच्या संख्येत वाढतो आणि खोकल्याबरोबर बाहेर पडून पुढच्या माणसाकडे जातो. त्याला पुढे जायला वाट हवी होती. ती आपल्याच दाहाने खणून दिली.

पुरावा हवा असेल तर एचआयव्हीच्या रुग्णांकडे पाहा. ज्यांच्या सीडी-४ पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) फार कमी झालेल्या असतात त्यांना टीबी जास्त होतो, जास्त पसरतो, जास्त मारतो, पण पोकळ्या क्वचित पडतात. कधी छातीचा फोटो चक्क स्वच्छ दिसतो. प्रतिकार नाही म्हणून पडझड नाही, आणि म्हणूनच जंतूला मोकळं रान. पुढे एचआयव्हीची औषधं सुरू झाली, पेशी परत आल्या, की काहींना अचानक ताप, सूज, दम लागतो. जंतू वाढलेला नसतो. पहारा जागा झालेला असतो.

'क्षय' हे नावही इथूनच समजतं. माणूस झिजतो, संध्याकाळी अंग तापतं, रात्री घामाने उशी भिजते. गाठ टिकवून धरायला लागणारा टीएनएफ हा निरोप रक्तात वाढला की भूक मारतो आणि स्नायू झिजवतो. त्याचं एक जुनं नावच 'कॅकेक्टिन' म्हणजे झिजवणारा.

औषध चालू असताना मानेची गाठ वाढली. औषध लागू पडत नाही का?

असं होऊ शकतं आणि दर वेळी त्याचा अर्थ औषध फुकट गेलं असा नसतो. जंतू मरताना त्याच्या कवचाचे तुकडे बाहेर पडतात आणि त्यावर प्रतिकार उसळतो. गंडमाळेत हे पुष्कळदा दिसतं. पण ही सूज आहे की औषधाला न जुमानणारा जंतू, हे घरी बसून ओळखता येत नाही. डॉक्टरांना दाखवा, औषध आपल्या मनाने बंद करू नका. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत तर डॉक्टर जंतूच्या औषधांबरोबर सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइड देतात, म्हणजे प्रतिकार मुद्दाम दाबतात, कारण कवटीत सूज यायला जागाच नसते.

जंतू अंगात आहे म्हणजे टीबी झाला?

नाही. जगातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, त्यातही जास्त करून पहिल्या एक-दोन वर्षांत. बाकीच्यांना ना खोकला, ना ताप; ते दुसऱ्याला देतही नाहीत.

मग झोपलेला जंतू जागा कशाने होतो?

पहाऱ्यातला कोणताही दुवा सैल झाला की. एचआयव्ही टी-पेशी कमी करतो, तो वर आलाच. मधुमेहाने धोका दोन-तीन पट वाढतो. आपल्याकडे मधुमेह किती घरांत आहे ते पाहिलं की काळजी वाटते. तंबाखूचा धूर, दारू, मूत्रपिंडाचा आजार, सिलिकाची धूळ. सांधेदुखीसाठी टीएनएफ अडवणारी महागडी इंजेक्शनं निघाली, तेव्हा २००१ च्या सुमारास कळलं की ती घेणाऱ्या काही जणांना टीबी होतोय. एक निरोप बंद केला आणि वर्षानुवर्षं कोंडलेली गाठ उघडली. तेव्हापासून ही इंजेक्शनं द्यायच्या आधी टीबीची तपासणी करतात.

पण भारतात सगळ्यांत मोठं कारण ताटात आहे. झारखंडमध्ये 'राशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. रुग्णाच्या घरच्यांना दरमहा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. अशा घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. फुफ्फुसाचा, तपासणीत जंतू सापडलेला टीबी तर ४८ टक्क्यांनी. लस नाही, नवं औषध नाही. तांदूळ आणि डाळ. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला महिन्याला आधी ५०० रुपये मिळायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले. आजच्या भावात त्यात किती डाळ येते हा हिशोब तुम्हीच करा.

रक्त तपासून टीबी कळतो का? एका लॅबने अँटिबॉडीची टेस्ट सुचवली.

अँटिबॉडीची नको. अँटिबॉडी म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं. ती रक्तात किंवा उतींत मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला धरतात. हा पेशीच्या आत दडलेला, म्हणून त्याच्याविरुद्धची मुख्य लढाई प्रतिपिंडांची नसून टी-पेशींची. प्रतिपिंडं तयार होतात, पण ती आजाऱ्यात आणि निरोग्यात फरक करायला निरुपयोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या चाचण्या नकोत असं सांगितलं आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. तरी मागच्या वर्षी एका बाईंनी असाच रिपोर्ट माझ्या खिडकीत ठेवला. बाराशे रुपये गेले होते. लॅबचं नाव सांगत नाही.

इग्रा नावाची रक्ताची दुसरी चाचणी असते. तिच्यात तुमच्या रक्तातल्या टी-पेशींना जंतूची प्रथिनं दाखवतात आणि त्या गॅमा इंटरफेरॉन सोडतात का ते मोजतात. ही खरी चाचणी आहे, पण ती संसर्ग सांगते, आजार नाही.

मोंटूच्या टोचणीचा रिपोर्ट कसा वाचायचा? हात लाल झाला म्हणजे पॉझिटिव्ह?

लाली मोजायची नसते. हाताच्या आतल्या बाजूला कातडीच्या थरात ट्युबरक्युलिन, म्हणजे जंतूच्या प्रथिनांचा अर्क, टोचतो, तेव्हा संत्र्याच्या सालीसारखा फुगवटा येतो. ४८ ते ७२ तासांनी परत या म्हणतो. त्या वेळी डोळे मिटून बोट फिरवलं तर जास्त कळतं : कडक भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो. मी बॉलपेनचं टोक बाहेरून आत सरकवते. जिथे अडतं तिथे ठिपका देते. दोन ठिपक्यांमधलं अंतर साधारण १० मिलिमीटर किंवा जास्त असलं तर पॉझिटिव्ह. तो कडकपणा म्हणजे आठवण ठेवून असलेल्या टी-पेशी तिथे जमल्याची खूण, आणि जमायला त्यांना दोन दिवस लागतात. मुंगी चावली तर मिनिटात गांधी उठते, ती निराळ्याच पेशींची करामत.

हे ट्युबरक्युलिन मूळ कॉखचं. २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जंतू जाहीर करणाऱ्या रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये ते औषध म्हणून आणलं. औषध म्हणून सपशेल आपटलं, तपासणी म्हणून आजही चालतं. अडचण एवढीच की बीसीजी घेतलेल्याचा हातही उठू शकतो. त्यावर तोड म्हणून बीसीजीत नसलेल्या दोन प्रथिनांची 'सी-टीबी' ही टोचणी निघाली. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे.

दंडावर बीसीजीचा व्रण आहे, तरी टीबी कसा झाला?

बीसीजी म्हणजे गाईच्या टीबीचा जंतू, पाळून-पाळून माणसाळलेला. काल्मेत आणि गेराँ या दोघांनी फ्रान्समधल्या लील इथे १९०८ पासून तो पित्त घातलेल्या बटाट्यावर दर तीन आठवड्यांनी नव्याने लावला. १३ वर्षं, २३० वेळा. या फेऱ्यांत जंतूने जनुकांचा एक तुकडा गमावला. पिशवीला भोक पाडणारी यंत्रणा त्याच तुकड्यात होती. 'सी-टीबी' टोचणीतली ती दोन प्रथिनंही तिथलीच. १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली.

लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती चांगलं वाचवते. म्हणून जन्मल्याबरोबर देतात आणि द्यायलाच हवी. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीचं मात्र वेगळं. तमिळनाडूतल्या चिंगलपेट भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर पाहणी झाली, पंधरा वर्षं पाठपुरावा झाला, आणि मोठ्यांना तिने संरक्षण दिलं नाही असं निघालं. युरोपात जी लस चालली ती इथे का चालली नाही यावर अजून वाद आहे. आपल्या माती-पाण्यात टीबीचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर, त्यांच्याशी लहानपणीच ओळख होते, मग लसीला शिकवायला फारसं उरत नाही, हे त्यातलं एक स्पष्टीकरण. मला ते पटतं, पण पूर्ण नाही. एम-७२ या नव्या लसीने आफ्रिकेतल्या दुसऱ्या टप्प्यात, आधीच संसर्ग झालेल्या मोठ्या माणसांत, सुमारे ५० टक्के संरक्षण दिलं. तिची मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली.

महिन्यात बरं वाटतं, मग सहा महिने गोळ्या कशाला?

कारण पहिल्या काही आठवड्यांत मरतो तो वाढणारा जंतू. आयसोनियाझिड त्याचं मेणाचं कवच बनू देत नाही. पण जो वाढतच नाही त्याला नवं कवच लागतंच कुठे? पनीरच्या गोळ्यात, आम्लात, प्राणवायूविना बसलेले सुस्त जंतू उरतात. पायराझिनामाइड आम्लात जास्त चालतं, रिफाम्पिसिन अर्धवट जागे होणाऱ्यांना गाठतं. तरी ते एकेक करूनच मरतात. तुमचा खोकला थांबतो तेव्हा दाह थांबलेला असतो, मोहीम नाही. (रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. घाबरू नका.)

पूर्वी यासाठी सॅनिटोरियममध्ये महिनोन्‌महिने ठेवायचे. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासाने दाखवलं की तीच औषधं दाटीवाटीच्या घरात राहून घेतली तरी रुग्ण तितकाच बरा होतो, आणि घरच्यांना जास्त लागण होत नाही. जगभरची सॅनिटोरियमं ओस पडायला हे एक मोठं कारण झालं.

औषधांना न जुमानणारा टीबी कसा तयार होतो?

औषध जंतूला शिकवत नाही, निवडतं. एका पोकळीत कोट्यवधी जंतू. त्यांत एखादा जन्मतःच एका औषधाला न जुमानणारा निघतो. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि रान त्याचं. १९४८ च्या स्ट्रेप्टोमायसिनच्या गाजलेल्या ब्रिटिश चाचणीत हेच झालं : रुग्ण सुधारले, मग जंतू बदलले. दोन-तीन औषधांना एकदम चुकवणारा जंतू आधीपासून असणं फारच दुर्मीळ, म्हणून चार गोळ्या एकत्र. मध्येच सोडल्या, हाताला लागतील त्याच घेतल्या, की आपण एकेक शिडी लावून देतो. आणि आता बरेच जण असा तयार जंतूच दुसऱ्याकडून घेतात, त्यांचा काहीच दोष नसतो. मुंबईच्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस सगळ्या उपलब्ध औषधांना न जुमानणारे चार रुग्ण जाहीर केले तेव्हा त्याला दिलेल्या 'टोटली ड्रग-रेझिस्टंट' या नावातला 'टोटली' हा शब्द योग्य की नाही यावरच गदारोळ झाला. आज बेडाक्विलिनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार आला आहे. पूर्वी त्याला दीड-दोन वर्षं लागत आणि इंजेक्शनांनी कान जात.

रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवायची का?

नको. ताटातून टीबी जात नाही. खिडकी उघडा, ऊन येऊ द्या, खोकताना तोंडावर फडकं धरायला सांगा. सासरी ताट वेगळं, माहेरी खोली वेगळी, असं झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. औषधापेक्षा त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा घेतला तर?

आवडत असेल तर घ्या, गोळ्या सोडून नाही. पण 'वाढवा' हा शब्द इथे खुळा आहे. वर पाहिलंत ना, प्रतिकार कमी पडला तर जंतू पसरतो आणि जास्त उसळला तर फुफ्फुसाला भोक पडतं.

पूर्वी टीबी घराण्यात चालतो म्हणायचे. त्यात तथ्य आहे?

एका घरात राहणारे एकाच हवेत श्वास घेतात, म्हणून तसं दिसायचं. कॉखचा शोध जाहीर झाल्यावर वर्षभराने, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानेच गेल्या. वय बावीसही पुरं नव्हतं. जंतू कोणता ते जगाला ठाऊक होतं, तिच्या शिक्षकांनाही ठाऊक असणार. त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये.

बेडका कसा द्यायचा? मागच्या वेळी 'नमुना योग्य नाही' म्हणून परत पाठवलं.

तुम्ही लाळ दिली असणार. लाळेत जंतू शोधणं म्हणजे विहिरीऐवजी बादलीत मासा शोधणं. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर किंवा गच्चीत जा, आसपास कोणी नको. दोन-तीनदा छाती भरून श्वास घ्या, क्षणभर धरा, आणि पोटातून खोका. जे वर येईल ते थेट डबीत. घट्ट, चिकट, पिवळट, चमचाभर तरी हवं. झाकण गच्च लावा, डबीच्या बाहेर लागलं असेल तर पुसा, आणि त्याच दिवशी आणून द्या. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं आम्ही एकदम दहा उघडतो आणि मग कोणाचं कोणतं ते कळत नाही.